वजन, वळण आणि एलिट डेंजरस: ठाण्या-नवी मुंबईच्या खेळाडूंसाठी परीक्षण

एलिट डेंजरस घ्यावा का, असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं: जहाज हाताने चालवायचंय की नुसतं मिरवायचंय? मिरवण्यासाठी इतर बरेच खेळ आहेत. जहाज अंगावर घेऊन चालवायचं असेल, त्याचं वजन वळणावळणाला जाणवावं असं वाटत असेल, तर या खेळाला आजही तोड नाही. केंब्रिजच्या फ्रंटिअर डेव्हलपमेंट्सने तो १६ डिसेंबर २०१४ रोजी आणला. आकाशगंगा किती मोठी, व्यापार कसा करायचा, यावर भरपूर लिहून झालंय. इथे फक्त लढाई, आणि लढाईत वजन आणि चपळपणा यांचं गणित.

घेण्याआधीच्या दोन गोष्टी. खेळ पीसीवरच घ्या. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरचं पुढचं काम २०२२ च्या मार्चमध्ये थांबवल्याचं कंपनीने जाहीर केलं, त्यामुळे कन्सोलवाल्यांचा खेळ जिथे होता तिथेच राहिला. होरायझन्स हा भाग २०२० पासून मूळ खेळात फुकट आहे. इंजिनासारख्या भागांत सुधारणा करून घेण्याची सोय त्यातच येते, म्हणून लढाईसाठी तो लागतोच. २०२१ चा ओडिसी मात्र पायी फिरून बंदुका चालवणाऱ्यांसाठी आहे. जहाजावरच्या लढाईचा ओनामा त्याच्याशिवाय होतो.

आता मूळ मुद्दा. खऱ्या अवकाशात हवा नाही, म्हणजे घर्षण नाही. इंजिन बंद केलं तरी जहाज त्याच वेगाने जात राहतं. जोर तोच ठेवून वजन दुप्पट केलं की वेग वाढायला आणि थांबायलाही दुप्पट वेळ लागतो. वळण हे त्याहून वेगळं प्रकरण. तिथे वजन किती यासोबत ते मध्यापासून किती लांब पसरलंय हेही पाहावं लागतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं वजन सुमारे ४२० टन आहे, पण त्याची सौर पंखं १०० मीटरहून अधिक पसरलेली असल्यामुळे ते वळवायचं काम चार मोठे जायरोस्कोप अगदी सावकाश करतात. तेवढंच वजन एका गोळ्यात भरलं असतं तर ते कितीतरी सहज फिरलं असतं.

एलिट हे सगळं जसंच्या तसं पाळत नाही, आणि ते बरंच आहे. खेळात प्रत्येक जहाजाला कमाल वेग ठरवून दिलाय आणि वळण्याचा दरही. वजन येतं ते थ्रस्टरच्या, म्हणजे जहाजाला ढकलणाऱ्या यंत्राच्या, मार्गाने. प्रत्येक थ्रस्टरला तीन आकडे असतात: किमान वजन, योग्य वजन आणि कमाल वजन. पाचव्या आकाराच्या ए (सगळ्यात चांगल्या) दर्जाच्या थ्रस्टरसाठी ते ४२०, ८४० आणि १२६० टन आहेत. जहाजाचं एकूण वजन ८४० टन असेल तर थ्रस्टर आपल्या शंभर टक्क्यांवर चालतो. ४२० टनांवर आलं की ११६ टक्के. १२६० पर्यंत चढलं की ९६ टक्के, आणि त्यापुढे जहाज तळावरून सुटतच नाही. हा टक्का कमाल वेगालाही लागतो आणि वळण्यालाही.

बरेच जण या आकड्यांतली एक बारीक गोष्ट सोडून देतात. किमान वजनाच्या खाली गेल्याने काहीही मिळत नाही. ११६ टक्के हे छत आहे. जहाज ४२० ऐवजी ३५० टनांचं केलं तरी चपळपणा तेवढाच. म्हणजे ४२० पर्यंतचं सगळं वजन फुकट, आणि त्या फुकटच्या जागेत चिलखत भरायचं असतं.

व्हल्चर हे जहाज या एका कारणामुळे लढाईत इतकं नावाजलंय. नुसत्या सांगाड्याचं वजन २३० टन, आणि थ्रस्टरची जागा मात्र पाचव्या आकाराची. ए दर्जाचा थ्रस्टर २० टन, पाचव्या आकाराचा ए दर्जाचा वीज-वितरक २० टन, त्याच आकाराची ए दर्जाची ढाल आणखी २० टन, दोन मोठ्या तोफा, इंधन, लष्करी खणात सांगाडा-मजबुतीचं पाकीट. एवढं भरूनही जहाज ३७०-३८० टनांच्या आसपास राहतं. ४२० ला अजून ४० टन शिल्लक. तिथे लष्करी दर्जाचं चिलखत बसवा, वळणाला धक्का लागत नाही. नवशिके नेमकं उलटं करतात: वळण बिघडेल या भीतीने हलकं चिलखत ठेवतात आणि पहिल्या दोन फैरींत जहाज गमावतात. व्हल्चरची खरी अडचण विजेची आहे. वीज-संयंत्राची जागा चौथ्याच आकाराची, त्यामुळे दोन मोठ्या तोफा, ढाल आणि तिची ताकद वाढवणारे ढाल-बूस्टर एकाच वेळी पोसताना आकडा लाल होतो. मालवाहू दार, जंप ड्राइव्ह अशा गोष्टींना विजेच्या यादीत शेवटचा क्रम द्या. तोफा बाहेर काढल्या की त्या आपोआप बंद पडतात.

फेर-द-लान्सची गोष्ट वेगळी. सांगाडा २५० टन, थ्रस्टर तोच पाचव्या आकाराचा. पण एक प्रचंड आणि चार मध्यम तोफा, सहाव्या आकाराचा वितरक आणि वर सहा ढाल-बूस्टर. ए दर्जाचे बूस्टर साडेतीन टनांचे असतात. सहा लावले की २१ टन तिथेच. पाहता पाहता जहाज ४४० ओलांडतं आणि चिलखत चढवलं की ५०० ला टेकतं. आता प्रत्येक टनाची किंमत मोजावी लागते. प्रिझमॅटिक ही जास्त ताकदीची ढाल तिच्याच आकाराच्या साध्या ढालीच्या दुप्पट जड, हे इथे लक्षात ठेवायलाच हवं.

वजन कमी करायला सुरुवात डी दर्जापासून करा. एलिटमध्ये ए सगळ्यात चांगला आणि ई सगळ्यात स्वस्त, पण सगळ्यात हलका डी. जीवरक्षक यंत्रणा चौथ्या आकारात ए दर्जाची १० टन, डी दर्जाची ४ टन. सेन्सरचंही तेच. लढाऊ जहाजाला या दोन्हींचा ए दर्जा जवळपास कधीच लागत नाही, म्हणजे दोन बदलांत १२ टन वाचले. सांगाडा-मजबुतीच्या पाकिटात तर डी दर्जा वजनाला निम्मा असून ताकदीलाही सरस: पाचव्या आकारात ई दर्जाचं ३२ टनांत ३६० देतं, डी दर्जाचं १६ टनांत ३९०. पैसे थोडे जास्त लागतात, पण ई दर्जाचं घ्यायला कारणच उरत नाही. बी दर्जा तेवढा टाळा. बहुतेक भागांत तो सगळ्यात जड असतो.

हे झाल्यावर इंजिनिअरकडे, म्हणजे भागांत बदल करून देणाऱ्या खेळातल्या पात्राकडे, जायचं. डर्टी ड्राइव्ह हा बदल पाचव्या श्रेणीपर्यंत नेला की थ्रस्टरची ताकद ४० टक्क्यांनी वाढते. बदल्यात उष्णता ६० टक्के जास्त, वीज १२ टक्के जास्त, थ्रस्टरचा टिकाऊपणा १५ टक्के कमी आणि योग्य वजन साडेबारा टक्क्यांनी खाली. शेवटचा आकडा पुन्हा वाचा. ४२० टनांचं छत आता साधारण ३६७ वर आलं, म्हणजे व्हल्चरमधली ती फुकटची जागा संपली. तरीही ४० टक्क्यांपुढे हे नुकसान किरकोळ आहे, हा बदल करावाच. त्यावरचा विशेष परिणाम निवडताना मात्र डोकं लावा. ड्रॅग ड्राइव्ह्ज ताकद आणखी ४ टक्के वाढवतो, हलक्या जहाजाला तोच योग्य. ड्राइव्ह डिस्ट्रिब्युटर्स योग्य वजन १० टक्क्यांनी वर नेतो, तो जड जहाजांच्या कामाचा. पाचव्या श्रेणीसाठी कॅडमियम, क्रॅक्ड इंडस्ट्रिअल फर्मवेअर आणि फार्मास्युटिकल आयसोलेटर्स लागतात. त्यातला शेवटचा सहज मिळत नाही, म्हणून दिसेल तिथे जमवत जा.

मोठ्या जहाजांकडे वळलं की वजनाचा आकडा एकटा किती फसवा असतो ते कळतं. अॅनाकोंडाचा सांगाडा ४०० टनांचा, म्हणजे त्याच्यापेक्षा कितीतरी लहान दिसणाऱ्या पायथनपेक्षा जेमतेम ५० टनांनी जास्त. त्यामुळे लांब उडीसाठी ते प्रसिद्ध आहे, पण नाक मात्र सावकाशच फिरतं. वळण्याचा दर जहाजागणिक वेगळा ठरवलाय आणि थ्रस्टर त्याला फक्त कमी-जास्त करतो. फेडरल कॉर्व्हेटचा सांगाडा ९०० टनांचा, तरी ते अॅनाकोंडापेक्षा चटकन तोंड फिरवतं. इम्पीरिअल कटर ११०० टनांचं. सरळ रेषेत बूस्ट (क्षणभराचा जादा जोर) मारलं तर कटर कॉर्व्हेटला मागे टाकतं, पण वळताना नाक एकीकडे जातं आणि धड आधीच्याच दिशेने घसरत राहतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर न्हावा-शेव्याचा भरलेला ट्रेलर ब्रेक दाबूनही पुढेच सरकत येतो, तसं. खडकांच्या पट्ट्यात किंवा स्थानकाच्या तोंडाशी याचा फटका बसतो. कटरने लढायचं तर पाठलागाचा विचार सोडा. लांबून नाक शत्रूवर धरून ठेवा आणि घसरण्याचाच उपयोग करून आडवे सरका.

चालवण्याच्या हातोटीत सगळ्यात आधी वेगाची निळी पट्टी. वेगाच्या मापकावर साधारण मध्यावर एक निळा भाग असतो, त्यात असताना जहाज सगळ्यात चांगलं वळतं. पूर्ण वेगाने वळायला गेलात की वळण मोठं होतं आणि शत्रू आत शिरतो. म्हणून पन्नास टक्के वेगाचं स्वतंत्र बटण ठेवून द्या. दुसरं, एलिटमध्ये डावी-उजवीकडे नाक फिरवणं मुद्दाम मंद ठेवलंय आणि वर-खाली जलद. शत्रू उजवीकडे गेला तर आधी जहाज लोळवून त्याला डोक्यावर आणायचं, मग नाक वर ओढायचं. हे हाताला लागेपर्यंत कोणतंही जहाज जडच वाटेल. तिसरं, नाक वर ओढताना वर ढकलणारे थ्रस्टरही दाबा. नाक फिरतं, पण धड मागे राहतं. वरचा जोर त्या धडाला वळणाच्या आतल्या बाजूला खेचतो आणि वळण लहान होतं.

चौथी गोष्ट शिकायला वेळ लागतो, पण खरी मजा तिथेच आहे. फ्लाइट असिस्ट म्हणजे संगणक तुमच्या वतीने घसरणं थांबवत असतो. तो बंद केला की जहाज न्यूटनच्या पहिल्या नियमाने वागायला लागतं. बूस्ट मारा, लगेच असिस्ट बंद करा, नाक मागे फिरवा आणि मागे येणाऱ्यावर तोफ चालवा; धड अजून पुढेच चाललेलं असतं. मग असिस्ट चालू करा, जहाज आवरतं. बटण दाबून धरण्याच्या प्रकारावर ठेवा, म्हणजे बोट सुटलं की असिस्ट परत येतो. नवीन माणसाचं इथे हमखास चुकतं ते एकच: असिस्ट बंद ठेवून नाक फिरवायला सुरुवात करतो आणि थांबवायला विसरतो. अवकाशात फिरणारी वस्तू फिरतच राहते, तिला उलट्या दिशेने तेवढाच झटका द्यावा लागतो.

आणि विजेचे ठिपके. ढाल, इंजिन आणि तोफा यांत मिळून सहा वाटायचे, एकाला जास्तीत जास्त चार. इंजिनाला चार दिले की वेग आणि वळण दोन्ही सुधारतात. पाठलाग करताना चार इंजिनाला, मारा सुरू झाला की तोफांना, मार बसायला लागला की ढालीला. कसलेले खेळाडू दर काही सेकंदांनी हे बदलत असतात. ठिपके जागेवरच ठेवून वजनाच्या नावाने रडण्यात अर्थ नाही.

ज्यांना हाताने चालवण्यापेक्षा कागदावर हिशोब मांडायला आवडतो त्यांनी आइसलँडच्या सीसीपीचा ईव्ह ऑनलाइन पाहावा. तो ६ मे २००३ पासून चालू आहे आणि त्याचं वजनाचं सूत्र उघड आहे. जहाजाचं वस्तुमान किलोत घ्या, दहा लाखांनी भागा, इनर्शियाच्या (जहाज किती जडपणे हलतं त्याच्या) आकड्याने गुणा, वर १.३८६ ने गुणा. येईल ते सेकंद. एवढ्या वेळात जहाज कमाल वेगाच्या ७५ टक्क्यांवर पोचतं आणि वॉर्पमध्ये, म्हणजे लांबच्या झेपेत, जाऊ शकतं. समजा जहाज १२ लाख किलोचं आणि इनर्शिया ३: उत्तर ४.९९. सर्व्हर सेकंदाच्या ठोक्यावर चालतो, म्हणून धरायचे ५. आता त्याच जहाजाचा ५एमएन मायक्रोवॉर्प हा वेग वाढवणारा भाग चालू केला तर वस्तुमानात ५ लाख किलोची भर पडते आणि उत्तर होतं ७.०७, म्हणजे धरायचे ८. सात शतांश सेकंदाने एक अख्खा ठोका गेला. अशा वेळी इनर्शिया अगदी थोडा कमी करणारा एक सुटा भागही जीव वाचवतो.

ईव्हमधला सगळ्यात बोलका नमुना म्हणजे क्रूझर या मध्यम जहाजावर बसवलेला १००एमएन आफ्टरबर्नर, हाही वेग वाढवणारा भाग. तो मोठ्या बॅटलशिपसाठी असतो आणि चालू असताना ५ कोटी किलो वस्तुमान वाढवतो. १.२ कोटी किलोच्या, ०.५ इनर्शियाच्या क्रूझरचा वेळ ८.३ वरून ४३ सेकंदांवर जातो. पण वेगातली वाढ नेहमीच्या १०एमएनच्या पावणेतीनपट असते. सरळ पळताना कुणाच्या हाती लागत नाही. मात्र गोल फिरायला सांगितलं की घेर इतका मोठा होतो की आपल्याच तोफांच्या टप्प्याबाहेर जातं. ईव्हचा आणखी एक निर्णय फार विचारपूर्वक घेतलेला आहे: चिलखताच्या प्लेट वस्तुमान वाढवतात, ढालीचे एक्स्टेंडर जहाजाची सही, म्हणजे शत्रूच्या तोफांना ते किती मोठं दिसतं, ती वाढवतात. जड व्हा किंवा ठळक दिसा. दोन्हींपैकी एक भोगावंच लागतं. एलिटमध्ये ढालीवर असा भार फारसा नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. बूस्टर भरभरून लावणं तिथे फार सोपं पडतं.

ठाणे, ऐरोली, वाशी, खारघरमधून खेळणाऱ्यांनी नेटचा विचार आधी करावा. एलिटमध्ये एकाच ठिकाणी लढणाऱ्या खेळाडूंचे पीसी थेट एकमेकांशी बोलतात. आपल्याकडच्या बऱ्याच केबलवाल्यांच्या जोडणीत अनेक घरं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात. मग समोरचं जहाज उड्या मारत सरकतं आणि त्याचं वजन, वळण काहीच खरं वाटत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या जोडणीचा, पत्ता पाहा, तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर तुम्ही त्या जाळ्यात आहात. केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, मागा, महिन्याला थोडे पैसे जास्त पडतात. तो मिळाला की राउटरमध्ये यूपीएनपी (खेळासाठी आपोआप वाट उघडणारी सोय) चालू करा किंवा एक यूडीपी पोर्ट मोकळा करून तोच आकडा खेळाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये भरा. नुसतं संगणकाच्या जहाजांशी लढायचं असेल तर सोलो मोड आहे, तिथे ही कटकट नाही.

पावसाळ्यात वीज गेली आणि खेळ तुटला तर समोरच्याला वाटतं तुम्ही हरायला लागल्यावर तार काढलीत. लढाईत असताना मेनूतून नीट बाहेर पडायलाही पंधरा सेकंद थांबावं लागतं, तिथे अचानक गेलेल्या विजेचा खुलासा कोण ऐकणार? पीसीच्या यूपीएससोबत राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएसही घ्या.

जॉयस्टिक हवीच असं नाही. माउसने असिस्ट बंद उडवणारे उत्तम खेळाडू आहेत. घ्यायची झालीच तर ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडपर्यंत जा आणि हॉल सेन्सरची, म्हणजे काही न घासता चुंबकाने हालचाल ओळखणारी, मागा. जुन्या पद्धतीच्या, घासून चालणाऱ्या पोटेन्शिओमीटरवर खाडीकाठच्या दमट हवेत धूळ चिकटून आकडा थरथरायला लागतो. बऱ्याच स्वस्त काठ्यांमध्ये पुढे-मागे आणि बाजूला हॉल सेन्सर असतो, पण पिळण्याच्या अक्षाला पोटेन्शिओमीटरच ठेवतात. दुकानदाराला तेवढंच विचारा. घरी आल्यावर विंडोजच्या गेम कंट्रोलरच्या खिडकीत काठी मोकळी सोडून ठिपका स्थिर राहतो का ते पाहा. हलत असेल तर खेळातला डेडझोन (मध्याजवळची दुर्लक्षित हालचाल) थोडा वाढवा, पण असिस्ट बंद उडवायचं असेल तर तो जितका कमी तितकं बरं, नाहीतर लहान झटके जहाजापर्यंत पोचतच नाहीत.

एलिट डेंजरस स्टीमच्या सेलमध्ये घ्या. सुरुवात साइडवाइंडरवरच करा. २५ टनांच्या त्या सांगाड्यावर लोळवणं आणि ओढणं हाताला बसवा, मग ५० टनांच्या ईगलवर असिस्ट बंद करायला शिका, आणि त्यानंतरच व्हल्चरकडे जा. आर्क्स, म्हणजे खऱ्या पैशांनी घेता येणारं खेळातलं चलन, मोजून मिळणारी तयार जहाजं घेऊ नका. त्यांतले भाग दुसऱ्याने निवडलेले असतात, आणि कुठला टन कशासाठी लावलाय हे तुम्हाला कळत नाही.